सुधारणा क्रमांक सात

कुपवाडच्या शेडमध्ये, लेथच्या मागच्या भिंतीवर
दस्तगीरमामांनी खडूनं एक आकडा लिहून ठेवलेला: १८.४.
त्याखाली काही नाही.
कशाचा, कधीचा, विचारलं की म्हणायचे,
"मला ठाऊक हाय की."

आमचा पंप द्राक्षबागेतला, पाठीवरचा, सोळा लिटरचा.
तो पहिल्यांदा बाजारात गेला तेव्हा मी चौथीत होते
आणि मामांच्या मिशा काळ्या.
त्याच्या एका रबरी चकतीला तीन नावं:
खरेदीवाले म्हणत वायसर, स्टोअरमध्ये ती छोटं रबर,
ड्रॉइंगवर सील.
तीन नावांची तीन खाती, तीन डबे,
आणि ऐन छाटणीत "माल संपला" म्हणून
मिरजेला धावणारा पोऱ्या.

त्या वर्षी दोनशे चाळीस पंप परत आले.
टेम्पोतून उतरवताना कुणीच बोललं नाही.
खरेदीकडं पाचवं ड्रॉइंग होतं, शॉपवर सहावं,
आणि सातवं कुठंच नव्हतं.
म्हणजे होतं, पण मामा त्या आठवड्यात
लेकीच्या बाळंतपणाला जतला गेले होते.

उपाध्येशेठ पुण्याहून एक तीन अक्षरांचा शब्द घेऊन आले,
पी एल एम,
आणि तो माझ्या टेबलावर ठेवला, डब्यासारखा.
"वस्तूचं जन्मापासून शेवटापर्यंत सगळं एका जागी.
तू बघ."

मी बघू लागले.
चकतीला एकच नाव दिलं, त्यावरून दोन भांडणं झाली.
जुनी ड्रॉइंगं गोळा केली:
एक चहाच्या ट्रेखाली, एक देवाच्या फोटोमागं,
एकावर कुणाच्या तरी भिशीचा हिशेब.
मामा लांबून बघत.
"पंपाची पत्रिका काढताय व्हय? मंगळ हाय का बघा."

सगळे रकाने भरले, एक राहिला.
बदलाचं कारण.
खाच अठराची होती, अठरा पूर्णांक चार का झाली?

तीन दिवस मामा बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी, भोंगा झाल्यावर, हात धुता धुता म्हणाले,
"सगळं त्यात घातलंस,
तर मग मला कशाला ठेवतील?"
माझ्याकडं उत्तर नव्हतं.
मी त्यांना साबण दिला.

मग स्टुलावर बसून त्यांनी सांगितलं.
मणेराजुरीत एक नवं औषध आलं होतं,
त्यानं रबर फुगायचं, घट्ट खाचेत चिरायचं.
फवारताना एका बाईच्या पाठीवर गळत राहिलं.
तिला वाटलं घाम आहे.
मामा एसटीनं गेले, पंप मांडीवर घेऊन परत आले,
रात्री लेथ लावला,
आणि सकाळी भिंतीवर आकडा.
"चार दशांश जागा दिली रबराला. फुगायला."
बाईचं नाव आठवेना त्यांना.
पाठ आठवत होती.

त्या रकान्यात दोनशेच अक्षरं बसतात.
मी पुण्याला फोन करून रकाना वाढवून घेतला.
तिकडचा मुलगा म्हणाला, एवढं कोण लिहितं, मॅडम?

आता बॅटरीचा पंप आलाय.
जुन्यासमोर मीच लिहिलं: उत्पादन बंद.
सुटे भाग दहा वर्षं मिळतील, हेही लिहिलं,
कारण सावळजचे लोक पंप टाकत नाहीत,
पोराला देतात.

खंडेनवमीला रंगारी आला.
भिंतीवरचा आकडा ठेवायचा का, त्यानं विचारलं.
मामांनीच ओलं फडकं घेतलं.
"पुसा. तिकडं हाय आता."
हळद-कुंकू लागलेल्या लेथमागं
भिंत पहिल्यांदाच कोरी, निळी.

सोमवारी आले तर
नव्या रंगावर, त्याच उंचीवर, खडूनं:
२२.६
त्याखाली काही नाही.

मी लॅपटॉप उघडून स्टूल ओढलं.
मामांनी माझ्याकडं न बघता
चहा दोन सांगितला.